सेंटरची जागा

सखूबाई गेल्याचं वडगाव रासाईत सकाळी सातला कळलं आणि दुपारी पुण्याहून दोन गाड्या भरून अनोळखी पोरंपोरी मातीला आली. सगळी उंचच उंच. त्यांतली एक पोरगी डोळे पुसत म्हणाली, "कोच गेल्या." मल्हारी आप्पांना अर्थ लागला नाही. नदीपलीकडं दौंडला रेल्वेच्या डब्याला कोच म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. लेक अपेक्षाच्या ओळखीची असतील, असं समजून त्यांनी हात जोडले.

आप्पा पाटसच्या कारखान्यात तीस वर्षं वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधीच ते वजन सांगायचे आणि चुकले तर फार तर पन्नास किलोंनी. माणसाचंही वजन ते असंच बघून सांगत. बायकोबद्दलचा आपला अंदाजही तितकाच पक्का आहे, असं त्यांना वाटे. सखूबाई पहाटे साडेपाचला कानात वायरी घालून चुलीपुढं बसायची. मधूनच मान डोलवायची, कधी कपाळावर हात मारून घ्यायची. ती हरिपाठ ऐकते, असं आप्पा सगळ्यांना सांगायचे.

तेरावं झालं आणि अपेक्षा पुण्याला कामावर गेली. सखूबाईचा फोन आप्पा रोज चार्ज करून फळीवर ठेवत. एका सकाळी तो वाजला. कुठल्याशा ग्रुपवर कुणा सत्यजीतचा सगळ्यांना निरोप होता: 'रविवारी दहाला ड्राफ्ट. पोझिशनप्रमाणे नावं तयार ठेवा. गार्ड दोन, फॉरवर्ड दोन, सेंटर एक. कुणीच हजर नसेल तर टीम बाद.'

आप्पांनी तो तीनदा वाचला. गेल्या वर्षी गावात पतपेढीची निवडणूक झाली होती, तेव्हा पॅनेलची नावं अशीच मागितली होती. म्हणजे सखूबाई कुठल्याशा संस्थेत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. पण त्यांच्या जिव्हारी लागला तो शेवटचा शब्द. रेशनकार्डावरून तिचं नाव आदल्याच आठवड्यात कमी झालं होतं. आता आणखी कुठून कमी होऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि टोपी घालून ते माणसं गोळा करायला निघाले.

गार्डचं काम सोपं होतं. कारखान्याच्या गेटवर बावीस वर्षं वॉचमन असलेले सिद्दीक मामा शेजारीच राहत. दुसरा गार्ड त्यांचा भाचा अफताब. तो शिरूरला एटीएमवर बसायचा. मामांनी फक्त ड्युटी दिवसाची का रात्रीची, ते विचारलं. फॉरवर्डला रोहिदासशिवाय नाव नव्हतं. तो पहाटे पाचला उठून चाळीस ग्रुपवर सुविचार फॉरवर्ड करायचा. दुसऱ्या फॉरवर्डबद्दल रोहिदासनंच सांगितलं, की त्याला पॉवर फॉरवर्ड म्हणतात, एका ग्रुपवर वाचलंय. मग वायरमन इंद्रजीतला घेतलं. पॉवर त्याच्याच हातात होती.

राहिला सेंटर. गावात सेंटर एकच, दुधाचं, आणि ते पोपटराव चालवत. पोपटराव पाच फुटांचे. पतपेढीला दोनदा पडलेले. आप्पांनी विचारल्यावर त्यांनी हातातलं दुधाचं माप खाली ठेवलं.

"आप्पा, वैनींनी माझं नाव काढलं व्हतं का?"

"टीम तिची हाय," आप्पा म्हणाले. खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर पोपटराव कानाला फोन लावून हसत होते आणि खाली लिहिलं होतं: 'कै. सखूबाई यांच्या टीमच्या सेंटरपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' रोहिदास फॉरवर्ड होता. त्यानं फोटो काढला आणि आपलं काम केलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो पुण्यात पोचला आणि अपेक्षाचा फोन आला. तिला हसू येत होतं का रडू, ते आप्पांना कळेना. ती एवढंच म्हणाली, "आप्पा, कुणाला काही बोलू नका. रविवारी मी येते."

रविवारी ती सत्यजीतला घेऊन आली तेव्हा पाचही जण इस्त्रीचे कपडे घालून चटईवर बसले होते. सत्यजीत सव्वासहा फुटांचा. दारातून वाकून आला. अपेक्षानं सगळ्यांना चहा दिला आणि मग सांगायला सुरुवात केली.

दौंडच्या शाळेत ती बास्केटबॉल खेळायची, तेव्हा आई चार वर्षं रोज तिच्याबरोबर एसटीनं जाऊन मैदानाकडेला बसायची. शेंगा निवडता निवडता तिला सगळा खेळ कळला. पुढं अपेक्षाच्या सवंगड्यांनी फोनवर एक खेळ काढला. अमेरिकेतले खेळाडू मैदानावरच्या पोझिशनप्रमाणे निवडून आपली कागदावरची टीम करायची, त्या निवडीला ड्राफ्ट म्हणायचं, आणि ते तिकडं खरे खेळतील तसे आपल्याला गुण. तिकडं रात्र असते तेव्हा आपल्याकडं पहाट. आठ टीम होत्या. पाच वर्षांत तीनदा आई पहिली आली होती.

"मला का न्हाई सांगितलं?" आप्पांनी विचारलं.

"ती म्हणायची, तुझा बाप म्हणंल रिकामे धंदे."

आप्पा तसंच म्हणाले असते.

पोपटरावांनी खाकरून विचारलं, "म्हंजी मी कशाचाच सेंटर न्हाई?"

"काका, सेंटर सात फुटी लागतो," सत्यजीत हळूच म्हणाला.

"दीड पोपटराव लागत्याल," सिद्दीक मामा म्हणाले.

अपेक्षानं धान्याच्या डब्यामागून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढली. प्रत्येक पानामागं सखूबाईचं अक्षर होतं. एकेका खेळाडूचं नाव आणि पुढं एक ओळ. 'ह्यो हावरा. चेंडू सोडत न्हाई.' 'ह्याचा गुडघा दुखतो पन सांगत न्हाई.' 'ह्याला दुसरा मोकळा दिसतो. घ्यावा.' साठ पानं होती. आप्पा एकेक पान दोन्ही हातांनी धरून वाचत होते. ज्यांना ती कधी भेटली नव्हती, त्या माणसांचं वजन तिनं काट्याशिवाय केलं होतं.

शेवटचं पान सप्टेंबरचं. त्यावर यंदाची यादी होती. गार्ड दोन, फॉरवर्ड दोन, चारही नावं पक्की. सेंटरपुढं नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, 'ह्यांना इचारून.'

"ह्यांना म्हणजे कुणाला?" सत्यजीत म्हणाला. "कोच तर कधी कुणाला विचारायच्या नाहीत."

सिद्दीक मामाच म्हणाले, "आरं बाबा, बाईमाणूस 'ह्यांना' म्हणती तवा दुनियेत एकच माणूस आसतो."

दहा वाजले. अपेक्षानं फोनवर आईची चार नावं एकामागून एक घेतली. सेंटर नंतर भरला तरी चालतो, पण तोवर त्या जागेचे गुण मिळत नाहीत, असं सत्यजीतनं सांगितलं. तो दोनचार नावं सुचवू लागला, उंची आणि वजनासकट.

"आकडं नगं सांगू," आप्पा म्हणाले. "मी बघून सांगतो."

त्याला तीन आठवडे झाले. रोज पहाटे साडेपाचला आप्पा, सिद्दीक मामा आणि पोपटराव चुलीपुढं फोन टेकवून बसतात. पहिल्या दिवशी एक सात फुटी माणूस दोघांच्या मधून उडाला आणि कडीला लटकला, तेव्हा आप्पांची बशी हातातच राहिली आणि चहा गार झाला. अजूनही होतो. पोपटरावांनी फ्लेक्स उतरवलेला नाही. नावाआधी 'प्रभारी' अशी चिठ्ठी तेवढी चिकटवली आहे.

सखूबाईची टीम आठांत आठवी आहे. सेंटर अजून ठरायचा आहे.