धनेशाच्या ढोलीची मुदत

एका जंगलात, मुलांनो, सगळी झाडं एका कासवाच्या मालकीची होती. कासवाला झाडावर चढता येत नव्हतं, हे तुमचं बरोबर आहे. पण मालकाला झाडावर चढता आलंच पाहिजे, असा नियम कोणत्याच जंगलात नसतो. तेव्हा मध्ये मध्ये बोलू नका.

हे कासव झाडांच्या ढोल्या भाडेपट्ट्याने द्यायचं. भाडेपट्टा म्हणजे काय? झाड माझं, ढोली तुमची, आणि नव्याण्णव वर्षांनी ढोलीही माझी. पणजोबांना हा व्यवहार फार सोयीचा वाटतो. नव्याण्णव वर्षांनी ते थोडेच असणार! कासव मात्र असतं. जंगलातले सगळे त्याला 'मायबाप सरकार' म्हणत, आणि तेही मान लांब करून ते ऐकून घेई.

तळ्याकाठच्या बेहड्यावर एका ढोलीत भिकाजी धनेश राहायचा. चोच केवढी तरी मोठी, पण स्वभाव भिडस्त. कोणी पायावर पाय दिला तर हाच 'माफ करा' म्हणायचा. त्याची बायको सगुणाबाई. ती माफ करणाऱ्यांतली नव्हती.

आता धनेशांच्या घरात एक रीत आहे. उन्हाळा लागला की बायको ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आतच अंडी, आतच पिल्लं. तिची पिसंही आतच गळतात, म्हणजे बाहेर आली तरी उडता येत नाही. तोवर नवऱ्याने फळं आणायची आणि फटीतून भरवायची.

यंदाही सगुणाबाईंनी दार लिंपलं. ते चांगलं कडक वाळल्यावर भिकाजीला आठवलं की पणजोबांच्या पट्ट्याची मुदत वैशाखी पौर्णिमेला संपते.

"अहो, हे आधी नाही आठवलं?" फटीतून आवाज आला.

"आठवलं होतं गं. तू चिखल कालवत होतीस. म्हटलं, कशाला मध्ये बोला."

धीर गोळा करेपर्यंत अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, तेव्हा कुठे भिकाजी मुदतवाढ मागायला कचेरीत गेला. तिथे कारकून होती घोरपड. एकदा धरलं की सोडायचं नाही, या गुणावर तिला ती जागा मिळाली होती.

"मिळेल की मुदतवाढ," घोरपड म्हणाली. "या हंगामातली सगळी उंबरं सरकारजमा करा."

"सगळी? मग घरी काय नेऊ?"

"ते आमच्या खात्यात येत नाही."

"पण बाई, शेजारच्या पोपटांना तर थोडक्यात मिळाली."

"त्यांची ढोली गळते. तुम्ही ढोली किती छान ठेवलीत! म्हणून किंमत वाढली."

"पण छान मीच ठेवली ना?"

"मग तक्रार कोणाची करताय?" घोरपड म्हणाली. "शिवाय दार लिंपलंत. विनापरवाना बांधकाम. त्याचं वेगळं."

भिकाजीने हात जोडले. म्हणजे पंख जोडले. "आणि मुदत नाही वाढवली तर?"

"तर पौर्णिमेला ढोली सरकारांची. आत जे असेल त्यासकट." आणि घोरपडीने जीभ बाहेर काढून ओठांवरून फिरवली.

उंबरं द्यावीत तर पिल्लं उपाशी. न द्यावीत तर पिल्लं घोरपडीच्या ताब्यात. भिकाजी घरी आला आणि फटीसमोर बसून अक्षरशः रडला.

सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आत पिल्लांचा चिवचिवाट चालला होता. त्या म्हणाल्या, "ती काय म्हणाली, ते पुन्हा सांगा. आत जे असेल त्यासकट?"

"हो गं."

"म्हणजे मी आणि पोरं सरकारांची?"

"असं बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय? कचेरी बोलतेय. ऐका. पौर्णिमेला नमस्कार करून ताबा देऊन टाका. आणि त्यानंतर इकडे फळ आणायचं नाही."

"अगं, पोरं रडतील!"

"रडू देत. जोरात रडा म्हणून मीच शिकवते. तुम्ही फक्त मध्ये पडू नका. तेवढं जमतं तुम्हाला."

पौर्णिमा आली. भिकाजीने कचेरीत जाऊन ढोली नम्रपणे परत केली. अशी शहाणी प्रजा बघून कासवाला गहिवरून आलं. घोरपड तर धावतच बेहड्यावर चढली. तिने फटीत तोंड घातलं, आणि आतून सगुणाबाईंनी चोच अशी हाणली की घोरपड नाक सुजवून खाली आली.

दुपारपर्यंत पिल्लांना भूक लागली. धनेशाच्या पिल्लांचं रडणं तुम्ही ऐकलं नाहीत, हे तुमचं नशीब. तळ्यातले मासे तळाशी गेले. सगळं जंगल बेहड्याखाली जमलं. साळिंदर आलं, खारी आल्या, पोपट आले. सगळ्यांचेच पट्टे आज ना उद्या संपणार होते, त्यामुळे सगळ्यांनाच उत्सुकता होती.

"भिकाजी, लेका, पोरांना भरव की!" साळिंदर ओरडलं.

भिकाजी समोरच्या फांदीवर डोळे मिटून बसला होता. चोचीत उंबर धरून उडावं आणि थेट फटीशी जावं, असं त्याला इतकं वाटत होतं की त्याने फांदीच घट्ट धरून ठेवली होती. जन्मात पहिल्यांदा तो कोणाला तरी नाही म्हणत होता, आणि ते नेमकं स्वतःच्या पोरांना.

"ती आता माझी नाहीत," तो कसाबसा म्हणाला. "सरकारांची आहेत. दुसऱ्याच्या मालकीत मी कसा हात घालू?"

मग सगळं जंगल ताबा बघायला आलेल्या कासवाकडे वळलं. "मायबाप," पोपट म्हणाले, "पोरं रडतायत."

कासवाने मान आत घेतली. आतही आवाज येत होता. शेवटी ते घोरपडीला म्हणालं, "जा, काहीतरी खायला घाल त्यांना."

घोरपड उंबरं घेऊन वर गेली. रिकाम्या तोंडाने खाली आली. पुन्हा वर गेली. फटीतून सगुणाबाई म्हणाल्या, "हे किडकं आहे. सरकारांच्या पोरांना किडकं?" घोरपड पुन्हा खाली. पोरं मोठी होत होती आणि भूक त्यांच्या पुढे धावत होती. कचेरी बंद पडली. घोरपडीच्या अंगावर कातडी लोंबायला लागली. एके सकाळी तिने झाडावरून स्वतःला सोडून दिलं, ते थेट कासवाच्या पाठीवर. "सरकार, धरलेलं सोडायची परवानगी द्या," ती म्हणाली.

कासव स्वतः चालत भिकाजीच्या फांदीखाली आलं. तोवर दुपार झाली.

"भिकाजीराव, तुमची ढोली परत घ्या. नव्याण्णव वर्षं."

भिकाजी हो म्हणायला उतावीळ झाला होता. तेवढ्यात फटीतून खाकरल्याचा आवाज आला. त्याने पुन्हा फांदी घट्ट धरली.

"बरं, नऊशे नव्याण्णव. फुकट! पण आज संध्याकाळचं तुम्ही भरवा."

वाक्य संपायच्या आत भिकाजी उंबर घेऊन फटीशी पोहोचला होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि पिल्लं त्याची चोच ओढत होती. खाली सगळ्या जंगलाने जल्लोष केला.

पुढे पिल्लं मोठी झाली. सगुणाबाईंनी दार फोडलं, बाहेर आल्या, नवी पिसं झटकली.

भिकाजी छाती फुगवून म्हणाला, "नऊशे नव्याण्णव वर्षं, सगुणा! आता ही ढोली आपलीच."

सगुणाबाईंनी मागे वळून ढोलीकडे एकदा पाहिलं.

"या ढोलीत? अहो, ओल किती आहे आत. मी काढलेत दिवस, तुम्ही नाही. पुढच्या उन्हाळ्याला दुसरी बघा."

तात्पर्य: मालकाशी कधी भांडू नये. मालकाचं जे आहे ते मुदत संपताच, हात जोडून, त्याच्या पदरात टाकावं. सुरुवात पोरांपासून करावी.