सबनिसांचे पेढे

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीने सबनिसांकडून चार वेळा साखरपुड्याचे पेढे खाल्ले आणि चारही वेळा लग्न मोडलं.

लग्न औषधाचं. सबनीस घोडबंदर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत आहेत. जनुकातल्या बिघाडाने अंगभर गाठी येतात, असा एक आजार आहे. त्यात मोकाट सुटणाऱ्या एका प्रथिनाला आवरेल असा लहानसा रेणू ते अकरा वर्षं शोधतायत. त्यांच्या भाषेत प्रथिन म्हणजे नवरामुलगा आणि प्रत्येक रेणू म्हणजे सांगून आलेलं स्थळ.

"मुलगा द्वाड आहे हो, कह्यात ठेवणारी हवी," दुधाची पिशवी सांभाळत ते जिन्यात मला अडवतात. "परवाची छान होती, पण पाण्यात विरघळतच नाही. संसार कसा करणार?"

बशीतल्या पेशींवर रेणू लागू पडला की यांचा साखरपुडा. शहाणा माणूस उंदरांचा निकाल येईपर्यंत थांबेल. हे त्याच दिवशी पेढे वाटणार. मग महिन्याभरात उंदराचं यकृत बिघडतं आणि हे पुन्हा दारोदार हजर. "मोडलं. पेढे राहू देत, बातमी तेवढी परत द्या."

या माणसाच्या संशोधनातून सोसायटीला मधुमेह तेवढा मिळणार, असं मी चारचौघांत म्हणायचो.

गेल्या मंगळवारी ते हात हलवत जिना चढत होते.

"उंदीर पास झाले," म्हणाले.

"मग पेढे कुठायत?"

"आता माणसांवर तपासणार. बाजारात यायला आठ-दहा वर्षं तरी. माई एकसष्टची आहे हो."

माई त्यांची थोरली बहीण. दार किलकिलं करून कचरा देणारा तिचा हात तेवढा मला माहीत होता, मे महिन्यातही लांब बाहीतला. तिची तीन स्थळं अंगावरच्या गाठी बघून मोडली, हे मला तिथे जिन्यात कळलं. माझ्या विनोदांची मला लाज वाटली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात माई. आखूड बाह्यांचं पोलकं, हातभर गाठी आणि त्या हातात पेढ्यांचा पुडा. मागे सबनीस चपलांकडे बघत उभे.

"घ्या," माई म्हणाली. "माझ्या वेळेला नाही, पण कुणाच्या तरी मुलीला मिळेल ना औषध? पेढे नकोत कसे?"

मी दोन उचलले.

"आणि मोडलंच, तर सांगायला मीच येईन. हा घरी येऊन फार रडतो."