दाढ विम्यात बसत नाही

माणसाचे शरीर सर्वांगाने मोलाचे आहे. अपवाद फक्त दातांचा. सोमाटण्याजवळच्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्याने १९६८ साली कामगारांचा आजारविमा काढला, तेव्हा हे सत्य उजेडात आले.

तिथे कामाला असलेल्या, आंबी गावच्या शिदूची दाढ ठणकू लागली. गाल असा फुगला की मुकादमाला वाटले, गडी तोंडात लाडू धरून कामावर आलाय. (झडती झाली. लाडू निघाला नाही.) शिदूने विम्याचा दवाखाना गाठला.

"दुखतंय कुठं?" डॉक्टरांनी विचारले.

"दाढंत, डाक्तरसाहेब. लय ठणका हाय. घास गिळवंना."

"दाढ विम्यात बसत नाही," डॉक्टर हळहळले. "विमा फक्त जन्मजात अवयवांचा. दात मागाहून येतात."

शिदूला हे पटले. मूल बोळके घेऊन येते, म्हातारा बोळके घेऊन जातो. मधली सगळी चैनच. ठणक्याला मात्र पटेना.

डॉक्टर मनाने कनवाळू. "जबडा जन्मजात आहे. तो दुखतो का?"

"दुखतोय की! कान बी दुखतोय."

"कानाचा वार वेगळा."

डॉक्टरांनी हनुवटीपासून टाळूपर्यंत करकचून पट्टी बांधली. तोंडच उघडेना, तेव्हा तक्रार थांबली आणि शिदू सरकारी अर्थाने बरा झाला.

घरी बायकोने, गंगीने, ओठांच्या फटीतून पेज ओतली. पोटात कमी, सदऱ्यावर जास्त गेली. "अवं, ह्यो इमा हाय का बैलाची मुसकी?" ती कडाडली, आणि सकाळी नवऱ्याला ओढत दवाखान्यात घेऊन आली.

तिथे नेमके पुण्याहून विम्याचे मोठे साहेब तपासणीला आले होते. गंगीने त्यांच्यापुढे पट्टी फरकन सोडली. "सायेब, तुमीच बगा, कुटं दुखतंय त्ये!"

साहेबांनी निःपक्षपातीपणे तर्जनी शिदूच्या तोंडात घातली. "हा जबडा दुखतो?" जबडा रात्रभर पट्टीत बधिर झालेला; शिदूने नकारार्थी मान हलवली. "मग ही दाढ?" आणि दाबली.

शिदूने जन्मात साहेबाला उलट उत्तर दिले नव्हते. पण जबडा आपसूक मिटला. साहेबांनी किंकाळी फोडून बोट हिसकले. त्याबरोबर दाढही आली.

शिदू आधी घाबरला. मग त्याने गाल चाचपला आणि खदखदून हसू लागला. "गंगे, थांबला की गं ठणका!" तीही पदर तोंडाला लावून हसत सुटली.

बोट जन्मजात असल्याने साहेबांना संपूर्ण उपचार, भरपगारी रजा आणि लोणावळ्यात हवापालट मंजूर झाला. शिदूवर विनापरवाना बरे झाल्याचा ठपका आला.

हे वाचून जे दात काढत आहेत, त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे: ते त्यांनी स्वखर्चाने काढले आहेत.