घड्याळ सोडलंच नाही

नोएमीबाईंच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी म्हातारी माणसं नाचायला जमतात, आणि नाचाच्या बाबतीत बाईंचा शब्द अख्ख्या काली शहरात शेवटचा. म्हणून एडिन्सन लुलादा नावाच्या थंडगार सरबताचा पेला हातात धरून नुसताच उभा होता. त्याच्या कंपनीने नाचाच्या हॉलसाठी गाणी वाजवणारा डबा बनवला होता. बाईंनी पसंत केला तर तो शहरभर खपणार. नाकारला तर कंपनी हे कामच गुंडाळणार आणि एडिन्सन मेहुण्याच्या टायरच्या दुकानात बसणार. मेहुणा आतापासूनच विचारत होता, पाना धरता येतो ना म्हणून.

डब्याने आधी गोड आवाजात सगळ्यांचं स्वागत केलं. मग साल्सा नाचाचं गाणं सुरू झालं आणि एडिन्सनने पेला खाली ठेवला. गाणं पळत होतं. गायकाचा आवाज कुणी चिमटा काढल्यासारखा वर चढला होता.

काय झालं ते त्याला तिथल्या तिथे कळलं. आवाजाच्या चिपला ठोके देणारं घड्याळ डब्यात एकच. स्वागताच्या घोषणेला जलद ठोके लागतात, जुन्या गाण्यांना जरा संथ. घोषणा संपली की चिप चालवणाऱ्या प्रोग्रामने, ड्रायव्हरने, घड्याळ सोडायचं, म्हणजे गाण्याला ते आपल्या मापाने लावून घेता येतं. एडिन्सनने लिहिलेल्या ड्रायव्हरने ते घट्ट धरून ठेवलं होतं. शहाण्याने घोषणा वेगळी तपासली होती, गाणी वेगळी तपासली होती. एकामागोमाग लावून बघायचं काही सुचलं नव्हतं.

त्याने आपल्या साहेबिणीला, हिमेनाला फोन लावला. नोएमीबाईंच्या लक्षात यायच्या आत दुरुस्त कर, एवढंच ती म्हणाली.

पण चालू गाण्यात ड्रायव्हर बदलता येत नाही, आणि बाई तर एक गाणं संपायच्या आत दुसरं लावत होत्या. शेवटी एडिन्सनने पायाने हळूच वायर ओढली. सगळं एकाच वायरवर, त्यामुळे डब्याबरोबर पंखेही गेले, एम्पनादाच्या खाऱ्या करंज्या तळायची विजेची शेगडीही गेली. वीज गेली, असं त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगून टाकलं आणि लॅपटॉप घेऊन टेबलाखाली शिरला. म्हातारे कसले बसतायत, ते टाळ्यांवरच नाचत राहिले. घामाघूम होऊन त्याने घड्याळ सोडायची विसरलेली ओळ लिहिली, वायर जोडली, आणि गाणं अगदी गायलं होतं तसं वाजू लागलं. एडिन्सन इतका खूश झाला, की बाहेर येताना टेबलावर डोकं आपटलं तेही त्याला कळलं नाही.

हॉल मात्र थांबला होता. पांढऱ्या बुटातले दोन आजोबा एक पाय पुढे टाकून तसेच उभे होते.

"कोण गेलं?" नोएमीबाईंनी विचारलं. "मयताला लावतात तसं काय लावलंयस?"

"बाई, आत्ता बरोबर वाजतंय. मघाशी चुकून वेगात वाजत होतं."

"चुकून? पोरा, आमच्या बापांनी तबकड्या मुद्दाम जोरात फिरवून आमचे पाय घडवले. मी मघापासून सगळ्यांना सांगतेय, की शेवटी एका डब्याला तरी आपला नाच कळला. होतं तसं कर. मग माझ्या बहिणीच्या हॉललाही एक दे."

एडिन्सनला बाईंना मिठीच मारावीशी वाटली. त्याऐवजी तो पुन्हा टेबलाखाली शिरला. तेवढ्यात हिमेनाचा फोन आला.

"झालं का दुरुस्त?"

"झालं होतं," एडिन्सन म्हणाला. "आता नीट बिघडवतोय."