चाकवाल्याची घागर

"धुळे-साक्री गाडी फलाट चारवर लागत आहे. ज्याने चाक शोधले त्याचे स्मरण करून प्रवाशांनी रांगेत चढावे."

ऐंशीच्या दशकात धुळ्याच्या स्टँडवर ताटकळलेल्या माणसाला हा आवाज आठवत असणार. तो भिका नानांचा. स्टँडवर ते कंट्रोलर, आणि आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून शेजारी. नव्या साहेबांनी त्यांना एकदा दटावलं, "फलाट सांगा, पुराण नको." नाना एक दिवस गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी साक्रीची एक म्हातारी तरातरा खिडकीशी आली. "काल तुम्ही चाकवाला देवनं नाव नही लिधं," ती म्हणाली, "गाडी पंक्चर व्हयनी." साहेब शेजारीच उभे होते. त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

नाना काही इतिहासाचे पदवीधर नव्हते. वार्षिक परीक्षा संपली की गल्लीतल्या पोरांची इतिहासाची पुस्तकं ते मागून नेत, पण राजांची पानं सरळ उलटून टाकत. म्हणत, "राजासले बठ्ठा ओळखतस. पन पयली ईट भट्टीमा कोनी टाकी? सांगा." आपण काय सांगणार? मग नाना खूश होत. गटारावरची फरशी ओलांडताना, सदऱ्याचं बटण लावताना, माठातलं पाणी पिताना त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "येना मांगे मानूस शे, भाऊ." म्हणजे याच्यामागे कुणीतरी माणूस आहे.

मी मागची खोली बांधायला काढली तेव्हा तर त्यांनी गवंड्याचा जीव नकोसा केला. मोहेंजोदडोची वीट उंचीच्या दुप्पट रुंद आणि रुंदीच्या दुप्पट लांब, तेव्हा आमचीही तशीच हवी. हातात फूटपट्टी घेऊन ते विटांच्या ढिगावर बसले. गवंडी वैतागून म्हणाला, "नाना, त्यासनं गाव तरी कोठे ऱ्हायनं?" नाना शांतपणे म्हणाले, "गाव गयं. ईट ऱ्हायनी." माझी खोली ठरल्यापेक्षा उशिरा झाली, पण अजून भिंतीला तडा नाही, हेही सांगायला हवं.

त्यांचा खरा थाट आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरून पूजतात, आणि एकेकाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं बोट उमटवतात. सगळ्यांच्या घरी एक घागर, नानांच्या घरी ओळ. घरच्या पितरांची एक, मग चाकवाल्याची, विटवाल्याची आणि कापूसवाल्या मायची. पहिलं सूत बाईनेच काढलं असणार याबद्दल नानांना शंका नव्हती, कारण पुरुषाला एवढा धीर कुठला. ओळीच्या टोकाला एक चिमुकली लोटकी असे. ती कुणाची असं विचारलं की म्हणत, "शे अशीच." त्यांच्या बायकोने, यमुनाकाकूंनी, कपाळाला हात लावलेला असे. "बठ्ठी दुनियाना पितर आमनाच घर जेवाले."

एका वर्षी उन्हाळ्यात नळ असा रुसला की आठवड्याने यायचा, तोही करंगळीएवढा. आमच्या घरात सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, पिंपाला चक्क कुलूप लावलं होतं. आखाजीच्या आदल्या दिवशी काकूंचा आवाज भिंतीपलीकडून स्पष्ट आला, "घरनी घागर भरनीच पडी. वर तांब्याभर पानी उरी. ते कोनले देनं, तुम्ही देखा."

तांब्याभर पाणी, आणि दावेदार एवढे. मी सुमनशी पैज लावली की पाणी चाकवाल्यालाच मिळणार.

सकाळी आंबे द्यायच्या निमित्ताने डोकावलो. घरची घागर भरलेली होती. चाकवाल्याची पालथी, विटवाल्याची पालथी, कापूसवालीचीही पालथी. टोकाची लोटकी मात्र काठोकाठ. नाना उंबरठ्याशी उकिडवे बसून कुंकवाची बोटं उमटवत होते. तीन उमटवली, आणि तिन्ही वेळा नाव घेतलं नाही.

"काय नाना, चाकवाल्याला तहानलेलं ठेवलं?" मी चिडवलं.

नाना मान वर न करता म्हणाले, "त्यानं नाव माहीत नही, पन त्यानं चाक तरी शे, भाऊ. मन्हा पहिले मन्ही मायले तीन पोरं व्हयनात. बारसं व्हवाना आगोदर गयात. नावच नही, त घागर कोन भरी? त्यासना मांगे काय ऱ्हायनं?" मग बोटाचं कुंकू पुसत म्हणाले, "मीच."

मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव आमच्याकडे मुद्दाम भिका ठेवतात, देवाकडे भीक मागून आणलेला. हे मला ठाऊक होतं, पण नानांच्या नावाकडे मी असं कधी पाहिलं नव्हतं. जगातली बिननावाची माणसं हा गृहस्थ का गोळा करत होता, ते मला त्या उंबरठ्यावर कळलं.

घरी येऊन सुमनला सांगितलं. तिने कमरेची किल्ली काढली, पिंपातून कळशी भरली आणि शेजारी गेली. मी मागोमाग. तिने चाकवाल्याची घागर सुलटी केली आणि कळशी तिच्यात ओतली.

"ताई, पानी नही शे अन् हाई काय?" नाना गडबडले.

"दुपारच्या साक्रीच्या गाडीने आमची पोरगी माहेरी येतेय," सुमन पदराला हात पुसत म्हणाली. "पंक्चर नको."

नानांनी कुंकवात बोट बुडवलं आणि त्या तिघांच्या शेजारी चाकवाल्याचा ठिपका उमटवला.