पुलाच्या अलीकडचे पाहुणे

मच्छिंद्र आणि दुर्गाबाई रामेश्वरला पोचलेच नाहीत. पण हे तूर्त विसरावं. कारण या क्षणी दोघं जालन्यात आपल्या घरी बसलेत, मच्छिंद्रला बियाण्याच्या कारखान्यातून रजा मिळाली आहे आणि अजून कुणाचंही काही चुकलेलं नाही.

दुर्गाबाईंनी मोबाइलवर रामेश्वरच्या वाटेवरचा पांबनचा पूल पाहिला होता. वर रेल्वे, खाली समुद्र. तेव्हापासून त्यांना प्रश्न पडत होते. खिडकीतून वाकून पाहिलं तर रूळ दिसतात की नुसतंच पाणी? ड्रायव्हर त्या वेळी खाली बघतो का? मासे गाडीच्या आवाजाला सरावले असतील का? आजवर त्या रेल्वेनं फक्त लग्नाला आणि मातीला गेल्या होत्या. त्या खिडकीतून कपाशी दिसायची, आणि कपाशीबद्दल त्यांना एकही प्रश्न नव्हता.

तिकिटं निघाली. आनंदाच्या भरात मच्छिंद्रनं ‘सोयरे मंडळी’ ग्रुपवर पुलाचा फोटो टाकला आणि खाली गाडीचा रस्ताही लिहिला : जालना, परतूर, सेलू, परभणी आणि पुढं.

लगेच परतूरहून बहिणीचा, केशरबाईचा फोन आला.

“दादा, परतूरवरून चालले म्हनं?”

“गाडी चाललीय, केशर. आम्ही नुसतं तिच्यात बसून राह्यलो.”

“मंग बहिणीच्या दारावरून उपाशी जानार का?”

“दारावरून न्हाई गं, ठेसनावरून. गाडी जरा टेकती न् निघती.”

“बराबर. आमच्यासाठी टेकायलाबी टाइम न्हाई तुला.” फोन बंद.

मच्छिंद्रनं आधी जाऊन केशरबाईकडं मुक्काम करायचा आणि परतूरहूनच गाडी धरायची असं ठरवलं. ते ग्रुपवर कळताच सेलूचे तातेराव काका कडाडले, “केशरकडं मुक्काम, आन् आम्ही फलाटावर उभं राहून हात हालवायचा? बिलकुल जमायचं न्हाई!”

मग तातेरावांकडंही मुक्काम करायचा आणि फलाटावर पुन्हा कुणी रुसू नये म्हणून गाडी पुढं परभणीहून धरायची ठरली.

“अहो, आसंच सरकत राह्यलो तर एकदम रामेश्वरलाच बसू गाडीत,” दुर्गाबाई म्हणाल्या. “ठेसनांची नावं लिहायची काय गरज व्हती?”

“लोक इचारून राह्यले व्हते.”

“लोकांनी पुलाचं इचारावं. तुमच्या लोकांना एक गोष्ट बघवत न्हाई.”

परतूरला मुक्काम झाला. निघताना केशरबाईच्या सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. “सेलूला माझी बहीण ऱ्हाती. तुम्ही चाललेच हायेत तर सोडा मला.” सेलूला बहिणीच्या घराला कुलूप, बहीण परभणीला गेलेली. तातेरावांनी पाहुणचार केला आणि निघताना लाल भोपळ्याचं मांडीएवढं डांगर हातात दिलं. नको म्हणणं शक्यच नव्हतं. परभणीला तिघं आणि एक डांगर उतरले.

सासूबाईंना बहिणीकडं पोचवलं. गाडीला अजून वेळ होता. दुर्गाबाईंचा सख्खा भाऊ बद्रीनाथ स्टेशनजवळच राहायचा.

“फक्त च्या घेऊ,” मच्छिंद्र म्हणाला.

“च्या?” बद्रीनाथचा चेहरा पडला. “ताई, नणंदेकडं मुक्काम, चुलतसासऱ्याकडं मुक्काम, आन् भावाकडं च्या? पुरण शिजून राह्यलंय. जल्दी कशाची? गाडी काय पळून जाती का?”

मच्छिंद्रनं बायकोकडं पाहिलं. दुर्गाबाईंनी भावाकडं पाहिलं.

“दोन घास खाऊनच निघू,” त्या म्हणाल्या. “माझ्या लोकांना लई लागतं मनाला.”

दुसऱ्या पोळीवर तूप पडत असताना स्टेशनाच्या बाजूनं भोंगा वाजला.

“ही आपलीच का?” दुर्गाबाईंनी कुतूहलानं विचारलं.

मच्छिंद्रच्या तोंडात घास होता. त्यानं होकारार्थी मान हलवली. गाडीचा आवाज खिडकीपासून लांब लांब जात राहिला. दुर्गाबाई तो संपेपर्यंत ऐकत होत्या.

“आता उद्याच्या उद्या कशाला निघता?” बद्रीनाथ म्हणाला. तेवढ्यात नांदेडहून मच्छिंद्रच्या चुलतभावाचा फोन आला : “परभणीपर्यंत आल्ते, आन् आमच्याकडं न्हाई?”

दुर्गाबाई उठल्या. हात धुतले आणि भाचीला हाक मारली. “आकांक्षा, तुझा मोबाइल आण. रेल्वेला लिही. शुद्ध लिही, सरकारी मानसं हायेत.”

त्यांनी सांगितलं आणि आकांक्षानं लिहिलं ते असं :

“महोदय, विनंती अर्ज करण्यात येतो की, पुलावरून जाणाऱ्या गाडीत बसण्याची अर्जदाराची फार दिवसांची इच्छा आहे. परंतु पुलाच्या अलीकडे सर्वत्र नातेवाईक आहेत. सबब, पांबनचा पूल, खालच्या समुद्रासह, जालना व परतूर या स्थानकांच्या दरम्यान सोयीच्या जागी हलवण्यात यावा. तेवढ्या टप्प्यात आमचे कोणीही राहत नाही, याची खात्री करून घेतली आहे.”