कोपऱ्यातला जॉइंट आणि सोळा भाज्या

ओट्याचा जॉइंट दिसला नाई पाह्यजे, एवढंच मी म्हटलं होतं. यात माह्यं काय चुकलं? माणसानं सोताच्या घरच्या ओट्याबद्दल एवढंही बोलू नाई काय?

आता तुमी म्हणान, जॉइंट दिसला तं कोणतं आभाळ कोसळते. कोसळते. कारण आमचे साडभाऊ मारोतराव, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे मालक, यायनं मागच्या दिवाळीत वणीच्या घरी नवा ओटा केला. काळा कुळकुळीत ग्रॅनाइट अन् मधातून जॉइंटची पांढरी रेघ. मी साऱ्या सासुरवाडीसमोर म्हटलं, 'मारोतराव, ओट्याचा भांग लय सरळ पाडला.' सारे हासले. मारोतराव नाई हासले. (मले त्या दिवशी लय बरं वाटलं होतं. खोटं कायले बोलू.)

यंदा आमच्या महागावच्या घरी ओटा झाला, अन् महालक्ष्म्याही यंदा आमच्याकडेच. म्हणजे मारोतराव जेवाले येणार, अन् ताटावर बसाच्या आधी ओटा पाहणार, हे पक्कं होतं. त्याले तिथं एक रेघ जरी दिसली असती, तं माह्या तेराव्यापर्यंत त्यानं तेच सांगतलं असतं.

दगड बसवाले विक्की मिस्त्री आला. टेप लावला अन् म्हणाला, 'भाऊ, एल शेपचा ओटा हाय. एका दगडात होत नाई. जॉइंट येईनच.'

'येऊ दे. पण दिसला तं तुही खैर नाई.'

माही बायको अंजू म्हणाली, 'सिंकच्या मधात द्या ना. तिथं दगड तसाही कापाच लागते. समोर बोटभर, मागं बोटभर, एवढाच जॉइंट राह्यते.'

'अन् पाणी मुरलं म्हणजे? नाई. विक्की, कोपऱ्यात दे. त्याच्यावर मिक्सर ठेवू. विषय खतम.'

'कोपऱ्यात मिक्सरचा प्लग नाई,' अंजू म्हणाली.

एवढ्या मोठ्या नियोजनात हिले प्लग सुचला. मी हुकूम सोडला अन् कचेरीत गेलो. (कचेरीत माहा हुकूम कोणी आइकत नाई, म्हणून घरी सोडून जातो.)

संध्याकाळी आलो तं ओटा बसला होता, चकचकीत. कोपऱ्यात वाकून पाह्यलं अन् मस्तक फिरलं. करडी रेघ, इकडून तिकडं. अन् तेही वाकडी. तसाच फोन लावला.

'विक्की, जॉइंट दिसून राह्यला.'

'नाई दिसत भाऊ. मी सोता घासला.'

'मले दिसून राह्यला, अन् तू मलेच सांगतं नाई दिसत?'

'भाऊ, तुमी कोणत्या बाजूनं पाहून...'

'वाकडा हाय तो. जिंदगीत एक तरी रेघ सरळ मारली काय तू?'

'भाऊ, आइका तं...'

आइकतो कायले. मी फोन कापला. समोरच्याची बाजू आइकली की राग उतरते, हा माहा अनुभव हाय. मंग त्या रेघेवर मिक्सर ठेवला अन् जेवलो.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. सकाळीच अंजूनं मिक्सर उचलला अन् प्लगपाशी नेला. मी तिथं पिठाचा डबा ठेवला. तो पुरणपोळ्यांसाठी गेला. पाण्याचा पितळी गुंड ठेवला. तो माह्या सासूबाईनं, इंदूबाईनं, उचलून नेला. रेघ उघडीच्या उघडी. अन् तेवढ्यात फाटकाशी मारोतरावाची गाडी थांबली.

मंग मी सोताच कोपऱ्याले टेकून उभा राह्यलो, दोन्ही हात रेघेवर पसरून.

'उभेच हाय तं हे घ्या,' अंजू म्हणाली. तिनं माह्यासमोर ओट्यावर चिराचा पाट ठेवला, चाकू ठेवला अन् भाज्यांची टोपली रिकामी केली. नैवेद्याले सोळा भाज्या लागते, तुमाले मालूमच हाय. मी पाह्यलं, ढिगाखाली रेघ पूर्ण झाकल्या गेली. लागलो चिराले.

सासूबाई आल्या. 'जवाईबापू, तुमी बाहेर बसा ना.'

'नाई, मी इथंच बरा.'

'काहून?'

'मले आवड हाय.'

झालं. सासूबाईनं हाक मारली, 'बसंते, पाय वं, जवाई भाजी चिरून राह्यले.' बसंती म्हणजे मारोतरावाची बायको. ते आली, तिनं पाह्यलं, अन् बैठकीत जाऊन नवऱ्याले सुनावून आली, काही शिका म्हणून. मंग गल्लीतल्या बायाही आल्या. एक म्हणे, असा नवरा भेटाले पुण्य लागते. माह्यं डोकं तापून राह्यलं होतं. गवारीचे धागे निघत नोते, भेंडी हाताले चिकटत होती. दोडका मी विक्कीच्या नावानं सोलला अन् कारलं मारोतरावाच्या नावानं चिरलं.

तेवढ्यात मारोतराव सोता आले.

'दाखवा बाप्पा तुमचा ओटा.'

त्यायनं चष्मा पुसला. ओट्यावरून हात फिरवला. वाकून उजेडात पाह्यलं. सिंकपाशी गेले, पाणी पेलं, गिलास तिथंच ठेवला. मंग माह्याकडे वळले.

'सरका जरासे. तो कोपरा पाहू द्या.'

'जमत नाई. नैवेद्याच्या भाज्या हाय. तुमची आंघोळ झाली काय?'

'वणीतून निंगतानीच झाली.'

'मंग रस्त्याची धूळ बसली असन. शिवू नका.'

मारोतरावानं ढिगाच्या दोन्ही बाजूनं मान लांबवून पाह्यलं, कुठंच जोड दिसला नाई. मंग म्हणाले, 'एकच सलग दगड भेटला तुमाले. नशीब लागते,' अन् तोंड पाडून बैठकीत गेले.

माह्या जिवात जीव आला. सोळावी भाजी चिरून झाली तशी अंजू टोपली घ्याले आली.

'पाह्यलं?' मी म्हटलं. 'जॉइंट सापडला नाई त्याले.'

'कसा सापडन? तो सिंकमधी हाय.'

'कोण?'

'जॉइंट. तुमी कचेरीत गेले अन् मी विक्कीले तिथंच द्याले लावला. भाऊजींनं गिलास त्याच्यावरच ठेवला होता.'

मी पाट उचलला, देठं बाजूले सारली. रेघ तिथंच होती. 'मंग हे काय हाय?'

'दगडाची शीर. दगडात राह्यतेच ते.'

माह्या अंगाची लाही लाही झाली. 'म्हणजे तुले मालूम होतं? मंग मले सकाळीच काहून नाई सांगतलं?'

'सांगतलं असतं,' अंजू टोपली उचलत म्हणाली, 'तं सोळा भाज्या कोणी चिरल्या असत्या?'

मी भांडाले तोंड उघडलंच होतं. पण तेवढ्यात बैठकीतून मारोतरावाचा आवाज आला, साऱ्या सासुरवाडीले आइकू जाईन असा.

'ओटा एक नंबर हाय. अंजूनंच करून घेतला असन. साडभाऊ तं बिचारे भाज्या चिरते.'